स्वयंचलित गिअरची दुचाकी

स्वयंचलित गिअरची दुचाकी म्हणजे वेग, चढ आणि भार यांनुसार गिअर बदलण्याचे काम जिच्यात चालकाऐवजी यंत्रणा स्वतः करते, अशी स्कूटर किंवा मोटारसायकल होय. अशा दुचाकीत हाताने दाबावयाचा क्लच नसतो. वेग वाढवण्यासाठी उजव्या हाताची मूठ आणि थांबवण्यासाठी ब्रेक एवढीच मुख्य साधने चालकाच्या हाती असतात. महाराष्ट्रात तिला सर्वसाधारणपणे ‘बिनगिअरची गाडी’ म्हणतात. हे नाव सोयीचे असले तरी अचूक नाही. बहुतेक पेट्रोल स्कूटरमध्ये गतीचे गुणोत्तर सतत बदलत असते, फक्त तो बदल चालकाला करावा लागत नाही.

या सोयीमुळे दुचाकी चालवणे शिकण्यास सोपे झाले आणि स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक व नवशिके यांच्या आवाक्यात आले. मात्र यंत्रणा फक्त चालू क्षणीचा वेग आणि भार ओळखते, पुढे येणारा उतार किंवा खड्डा तिला ठाऊक नसतो. त्यामुळे अशी दुचाकी निवडताना इंजिनाचा आकार किंवा बाह्य रूप यांपेक्षा ती कोणत्या रस्त्यावर, किती भार घेऊन आणि कोणाकडून चालवली जाणार आहे, या बाबी अधिक महत्त्वाच्या ठरतात. बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या डोंगराळ पठारावरील गावांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो.

## प्रकार

स्वयंचलित गिअरच्या दुचाकींचे रचनेनुसार पुढील प्रकार पडतात.

सीव्हीटी : पट्टा आणि बदलत्या व्यासाच्या कप्प्या यांवर चालणारी ही यंत्रणा भारतातील जवळजवळ सर्व पेट्रोल स्कूटरमध्ये आढळते. ठरावीक टप्प्यांचे गिअर तिच्यात नसतात.

डीसीटी : या यंत्रणेत नेहमीच्या मोटारसायकलीप्रमाणे टप्प्यांचे गिअर असतात, पण क्लच दोन असतात. एक क्लच विषम क्रमांकाचे आणि दुसरा सम क्रमांकाचे गिअर सांभाळतो. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवला जात असल्याने बदल क्षणार्धात होतो. मुठीजवळील बटणांनी चालक स्वतःही गिअर बदलू शकतो. ही यंत्रणा महागड्या आणि मोठ्या गाड्यांत असते.

अर्धस्वयंचलित : यात क्लच आपोआप काम करतो, पण गिअर पायाने बदलावा लागतो. होंडा कंपनीची १९५८ मधील सुपर कब ही या प्रकाराची जगप्रसिद्ध गाडी होय. भारतात हीरो होंडा कंपनीची स्ट्रीट (१९९७) आणि टीव्हीएस कंपनीची जाइव्ह (२००९) या गाड्या याच तत्त्वावर आल्या, मात्र येथील ग्राहकांत त्या फारशा रुजल्या नाहीत.

विद्युत दुचाकी : विजेच्या मोटरला आरंभापासूनच पुरेसा जोर असतो, म्हणून बहुतेक विद्युत स्कूटरमध्ये गिअर बदलण्याची यंत्रणाच नसते. खऱ्या अर्थाने ‘बिनगिअरची’ म्हणता येईल अशी हीच गाडी.

## रचना आणि कार्य

सीव्हीटी यंत्रणेत दोन कप्प्या असतात. एक इंजिनाच्या दांड्यावर आणि दुसरी मागील चाकाच्या बाजूस. प्रत्येक कप्पी एकमेकींसमोर ठेवलेल्या दोन उतरत्या बशांसारख्या भागांची बनलेली असते. या दोन कप्प्यांवरून एक जाड रबरी पट्टा फिरतो. पुढील कप्पीत लहान दंडगोलाकार वजने असतात. कारागीर त्यांना रोलर म्हणतात. इंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी बलामुळे ही वजने बाहेरच्या दिशेने सरकतात आणि कप्पीच्या दोन भागांना जवळ आणतात. पट्टा मग कप्पीच्या मध्याकडून काठाकडे चढतो. त्याच वेळी मागील कप्पीचे भाग स्प्रिंगचा दाब सहन करीत एकमेकांपासून दूर होतात आणि तेथे पट्टा मध्याकडे उतरतो. सायकलीच्या पुढील दंतचक्राचा आकार मोठा आणि मागील दंतचक्राचा लहान होत गेल्यास जे घडेल, तेच येथे अखंडपणे घडते.

मागील कप्पीला एक केंद्रोत्सारी क्लच जोडलेला असतो. इंजिन मंद गतीने फिरत असताना हा क्लच सुटलेला असतो, म्हणून गाडी जागेवर उभी राहते. मूठ पिळली की क्लचचे पंखे बाहेर फाकतात, भोवतालच्या वाटीला घट्ट धरतात आणि चाक फिरू लागते.

या रचनेतून तीन व्यावहारिक परिणाम निघतात. पहिला, पट्ट्याच्या घर्षणात काही शक्ती वाया जाते. त्यामुळे तेवढ्याच क्षमतेच्या गिअरच्या मोटारसायकलीपेक्षा स्कूटर बहुधा कमी अंतर देते. दुसरा, इंजिन बंद असताना क्लच सुटलेला असल्यामुळे ही गाडी धक्का मारून सुरू करता येत नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा परिणाम म्हणजे कमी वेगात मूठ सोडली की क्लच सुटतो आणि इंजिनाचा चाकावरील रोध नाहीसा होतो. गिअरच्या गाडीत दुसरा गिअर टाकून उतार उतरताना इंजिन जसे गाडीला धरून ठेवते, तसे येथे पूर्णपणे होत नाही.

## इतिहास

### जगातील आरंभ

इटलीत १९४६ मध्ये आलेली व्हेस्पा ही आधुनिक स्कूटरची जननी मानली जाते. तिच्यात गिअर होते आणि ते डाव्या हाताच्या मुठीने बदलावे लागत. पट्टा आणि बदलत्या कप्प्या यांची यंत्रणा नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये आपल्या मोटारीत यशस्वीपणे वापरली. पुढे हेच तत्त्व लहान स्कूटरमध्ये सर्वत्र रूढ झाले. मोठ्या मोटारसायकलीत स्वयंचलित यंत्रणा आणण्याचा एक प्रयत्न होंडा कंपनीने १९७६ मध्ये ७५० सीसी क्षमतेच्या गाडीत केला, परंतु त्यास मर्यादित प्रतिसाद मिळाला. त्याच कंपनीने २०१० च्या सुमारास डीसीटी यंत्रणेची मोटारसायकल बाजारात आणल्यानंतर हा प्रकार स्थिरावला. मोठ्या स्कूटरच्या वर्गात सुझुकी कंपनीची ४०० सीसी बर्गमन (१९९८) आणि यामाहा कंपनीची ५०० सीसी वर्गातील टीमॅक्स (२००१) या गाड्या युरोपात लोकप्रिय झाल्या.

### महाराष्ट्रातील वाटचाल

भारतातील बिनगिअरच्या दुचाकीचा इतिहास बऱ्याच अंशी पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांशी निगडित आहे. पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटो कंपनीच्या स्कूटर तयार होत. १९७२ मध्ये आलेली चेतक ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गाडी, पण तिला मुठीचे गिअर होते. त्याच वर्षी फिरोदिया कुटुंबाच्या किनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने ५० सीसीची लूना बाजारात आणली. लूनाला पायडल होते, एकच गती होती आणि क्लच आपोआप चालत असे. सायकल चालवता येणाऱ्या कोणालाही ती चालवता येई.

१९८४ मध्ये किनेटिक आणि जपानमधील होंडा यांनी संयुक्त कंपनी स्थापन केली. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथील तिच्या कारखान्यातून किनेटिक होंडा ही ९८ सीसीची स्कूटर बाहेर पडू लागली. सीव्हीटी यंत्रणा आणि बटणाने सुरू होणारे इंजिन ही तिची वैशिष्ट्ये होती. गाडी एका बाजूला कलती करून किक मारण्याची सवय असलेल्या ग्राहकाला ती सर्वस्वी नवी होती. १९९८ मध्ये होंडा या भागीदारीतून बाहेर पडली. दरम्यान बजाजची सनी (१९९०) आणि टीव्हीएसची स्कूटी (१९९४) या हलक्या गाड्या तरुणींमध्ये लोकप्रिय झाल्या होत्या.

२००१ मध्ये होंडाने स्वतंत्रपणे आणलेल्या १०२ सीसीच्या अ‍ॅक्टिव्हा या स्कूटरने बाजाराचे चित्र पालटले. चार स्ट्रोकचे इंजिन, पत्र्याचे अंग आणि देखभालीतील सुलभता यांमुळे ती घरोघरी पोहोचली. पुढील दशकात बजाजने स्कूटरचे उत्पादन थांबवले. किनेटिकचा दुचाकी व्यवसाय २००८ मध्ये महिंद्र समूहाकडे गेला. इटलीच्या पियाजिओ कंपनीने २०१२ मध्ये बारामती येथे व्हेस्पाचे उत्पादन सुरू केले. या व्हेस्पाला आता मुठीचे गिअर नव्हते. बजाजने जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव विद्युत स्कूटरसाठी पुन्हा वापरले. अशा रीतीने गिअरच्या स्कूटरची ओळख असलेली दोन्ही प्रसिद्ध नावे अखेर बिनगिअरच्या गाड्यांवर आली.

## सामाजिक परिणाम

गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी पाय टाकीवरून किंवा बैठकीवरून पलीकडे टाकावा लागतो. साडी नेसलेल्या स्त्रीला ते गैरसोयीचे असते. स्कूटरच्या पुढील मोकळ्या जागेमुळे ही अडचण दूर झाली आणि स्वयंचलित यंत्रणेमुळे क्लच व गिअर यांचा मेळ साधण्याची कसरतही संपली. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, बँक व पंचायत कर्मचारी अशा रोज प्रवास कराव्या लागणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे कोणावर अवलंबून न राहता ये-जा करता येऊ लागली. ज्या गावात एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात, तेथे घरातील स्त्रीला स्वतः गाडी चालवता येणे म्हणजे नोकरी टिकणे, मुलीचे महाविद्यालय न सुटणे आणि आजाऱ्याला वेळेत दवाखान्यात नेता येणे होय.

गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनाही पायाने गिअर बदलावा लागत नसल्याने ही गाडी उपयोगी पडते. डाव्या पायास अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी स्कूटरला मागे दोन जादा चाके बसवून घेतली जातात. असा बदल परिवहन कार्यालयाच्या मान्यतेने आणि नोंदणी पुस्तकात नोंद करूनच करावा लागतो.

## मोठ्या स्कूटर

मोठी स्कूटर म्हणजे रुंद बैठक, पुढे उंच काच, पाय पुढे पसरण्यास जागा आणि सामानासाठी प्रशस्त डिकी असलेली, लांब प्रवासास योग्य अशी स्कूटर. भारतात या वर्गाचा आरंभीचा प्रयत्न किनेटिक कंपनीनेच केला. तिने २००६ मध्ये इटलीच्या इटालजेट कंपनीच्या रचनेवर आधारित १६५ सीसीची ब्लेझ ही स्कूटर आणली होती. त्या काळात तिला पुरेसा ग्राहकवर्ग लाभला नाही.

या वर्गातील गाडी पाहताना दिसण्यातील मोठेपणा आणि इंजिनाचा मोठेपणा यांत फरक करणे आवश्यक आहे. २०१८ मध्ये भारतात आलेल्या सुझुकी बर्गमन स्ट्रीटचे रूप मोठ्या स्कूटरचे आहे, पण तिचे इंजिन १२५ सीसी वर्गातील असून वजन साधारण ११० किलोग्रॅम आहे. एप्रिलिया एसएक्सआर १६० आणि यामाहा एरॉक्स १५५ या गाड्या त्याहून अधिक शक्तीच्या आहेत व त्यांचे वजन १२५ ते १३० किलोग्रॅमच्या दरम्यान आहे. २०२१ मध्ये भारतात आलेली बीएमडब्ल्यू सी ४०० जीटी ही ३५० सीसीची स्कूटर २०० किलोग्रॅमपेक्षा अधिक वजनाची असून आरंभी तिची किंमत ९.९५ लाख रुपये होती. डीसीटी यंत्रणेच्या होंडा आफ्रिका ट्विन, गोल्ड विंग आणि एक्स-एडीव्ही या गाड्या याहूनही वरच्या किमतीच्या आहेत. त्यांची दुरुस्ती मोठ्या शहरांतील ठरावीक केंद्रांतच होत असल्याने तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या ग्राहकाने ही बाब खरेदीपूर्वीच विचारात घ्यावी लागते.

## निवडीचे निकष

### चाके आणि रस्ता

मोटारसायकलीची चाके साधारणतः १७ किंवा १८ इंच व्यासाची असतात. स्कूटरची १० ते १४ इंच असतात. चाक जितके लहान, तितके ते खड्ड्यात अधिक खोल उतरते आणि धक्का अधिक बसतो. शिवाय स्कूटरचे इंजिन मागील चाकासह वरखाली हलते, त्यामुळे खराब रस्त्यावर मागील धक्के जास्त जाणवतात. केवळ शहरातील डांबरी रस्त्यासाठी १० इंची चाक पुरते. रस्ता खडीचा किंवा उखडलेला असल्यास निदान पुढील चाक १२ इंची असावे, आणि १४ इंची चाकांची गाडी त्याहून स्थिर असते. रोजचा रस्ता पाणंदीतून किंवा काळ्या मातीच्या शेतातून जाणारा असेल तर पावसाळ्यात चिखल चाक आणि झाकण यांच्यामध्ये अडकतो. अशा ठिकाणी गिअरची मोटारसायकलच अधिक योग्य ठरते.

### भार

स्कूटरच्या सपाट पायठेवणीवर किराणा, खताची पिशवी किंवा गॅसची टाकी ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलोग्रॅम वायू असतो आणि टाकीसह हे वजन ३० किलोग्रॅमच्या आसपास जाते. असे वजन पायांमध्ये ठेवल्यास हँडल पूर्ण वळत नाही आणि प्रसंगी पाय खाली टेकवता येत नाही. दोन प्रौढ माणसे आणि सामान घेऊन रोज चढ चढावा लागत असेल, तर ११० सीसीपेक्षा १२५ सीसीची गाडी सोयीची होते. पूर्ण भारात चढावर लहान इंजिनाच्या गाडीची मूठ सतत पूर्ण पिळावी लागते. त्यामुळे पेट्रोल वाढते आणि पट्टाही लवकर झिजतो.

### चालकाची उंची आणि ताकद

बैठकीवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मोठ्या स्कूटरची बैठक रुंद असल्याने उंची तेवढीच असली तरी पाय कमी पोहोचतात. गाडी दुहेरी स्टँडवर लावणे, मागे ढकलणे आणि आडवी झाल्यास उचलणे या तीन गोष्टी ती प्रत्यक्ष चालवणाऱ्या व्यक्तीने दुकानातच करून पाहाव्यात. गाडी घरातील अनेक जण वापरणार असतील, तर निवड सर्वांत कमी उंचीच्या व्यक्तीच्या सोयीने करणे हिताचे असते.

### ब्रेक

१ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एकत्रित ब्रेक आणि त्यावरील क्षमतेच्या दुचाकींना एबीएस ही व्यवस्था अनिवार्य आहे. एकत्रित ब्रेकमध्ये डावा ब्रेक दाबला की मागील चाकाबरोबर पुढील चाकही काही प्रमाणात रोखले जाते. एबीएसमध्ये चाक जागीच घट्ट अडकून घसरण्यास प्रतिबंध होतो. अनेक गाड्यांत ही सोय फक्त पुढील चाकाला असते, हे विचारून घ्यावे. इंजिनाचा रोध कमी मिळत असल्याने स्कूटरच्या बाबतीत पुढील डिस्क ब्रेक हा डोंगराळ भागात आवश्यक गुण मानावा.

### पेट्रोलची टाकी आणि किक

बहुतेक स्कूटरच्या टाकीत ५ ते ६ लिटर पेट्रोल मावते. मोटारसायकलीची टाकी साधारण याच्या दुप्पट असते. पेट्रोल पंप दूर असलेल्या भागात हा फरक जाणवतो. अलीकडील काही स्कूटरना किक नसते. धक्का मारून गाडी सुरू होत नसल्यामुळे बॅटरी उतरली की ती जागेवरच अडकते. गॅरेज दूर असलेल्या गावात किक असलेली गाडी घेणे श्रेयस्कर ठरते.

### विद्युत की पेट्रोल

विद्युत स्कूटर निवडताना रोजचे जाणे-येणे मोजून घ्यावे. निर्मात्याने सांगितलेले अंतर सपाट रस्ता आणि मर्यादित वेग यांवर आधारलेले असते. चढ, दोन माणसे आणि जास्त वेग यांमुळे ते बरेच घटते. घरी विजेचा पुरवठा कोणत्या वेळी असतो, जोडणीला योग्य अर्थिंग आहे काय आणि जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे, हे तीन प्रश्न किमतीआधी विचारावे लागतात. अनेक विद्युत स्कूटरमध्ये मूठ सोडताच मोटर उलट काम करून चाकाला रोध देते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. हा रोध उतारावर उपयोगी असतो, मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असताना तो कमी मिळतो.

## डोंगराळ ग्रामीण भागातील वापर : लिंबागणेशचे उदाहरण

लिंबागणेश हे बीड तालुक्यातील गाव बालाघाट डोंगररांगेच्या परिसरात मांजरसुंबा–पाटोदा रस्त्यावर वसले असून तेथील भालचंद्र गणेशाचे मंदिर प्रसिद्ध आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले बीड शहर डोंगराखाली आहे. जिल्हा रुग्णालय, न्यायालय, जिल्हा परिषद, महाविद्यालये यांसाठी बीडला जाताना मांजरसुंबा घाट उतरावा लागतो आणि परतताना चढावा लागतो. धुळे–सोलापूर या राष्ट्रीय महामार्गावरील (क्रमांक ५२) हा घाट असल्याने त्यावर मालमोटारींची वर्दळ असते.

अशा गावातील ग्राहकाला एकाच गाडीकडून तीन वेगळ्या रस्त्यांवर काम अपेक्षित असते. शेताकडे जाणारी कच्ची वाट, पठारावरील डांबरी रस्ता आणि महामार्गावरील घाट. कच्च्या वाटेवर चाकाचा आकार, पठारावर पेट्रोलची बचत आणि घाटात ब्रेक महत्त्वाचा ठरतो. दोन दुचाकी असलेल्या घरात शेतीसाठी गिअरची मोटारसायकल आणि गाव-शहर प्रवासासाठी स्कूटर अशी विभागणी सोयीची पडते. एकच गाडी परवडत असेल, तर जो रस्ता आठवड्यातून सर्वाधिक दिवस वापरला जातो त्यावरून निर्णय घ्यावा.

घाट उतरताना बिनगिअरची गाडी पुढीलप्रमाणे चालवावी लागते :

- उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा. वेग वाढल्यावर तो आवरण्यास ब्रेकवर अधिक ताण येतो.
- दोन्ही ब्रेक एकत्र, थोडा वेळ नेटाने दाबून सोडावेत. सतत हलका दाब ठेवल्यास ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. ड्रम ब्रेकच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.
- मधूनमधून मूठ किंचित पिळल्यास क्लच पुन्हा जुळतो आणि मूठ सोडल्यावर काही काळ इंजिनाचा रोध मिळतो.
- पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय घातक आहे. स्कूटरमध्ये त्यामुळे उरलासुरला रोध नाहीसा होतो, आणि किल्ली बंद केल्यास दिवा, हॉर्न व ब्रेकचा लाल दिवाही बंद पडतो. मागून येणाऱ्या मालमोटारीला गाडी दिसत नाही.
- ब्रेक मऊ लागत असल्यास किंवा जळका वास येत असल्यास रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून ते निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये.

## सुरक्षितता

बिनगिअरच्या गाडीत न्यूट्रल नसतो. इंजिन चालू असताना मूठ पिळली गेली की गाडी पुढे झेप घेते. चालू गाडीवर पुढे उभ्या केलेल्या लहान मुलाने सहज मूठ पिळणे, किंवा गाडी हाताने ढकलताना मूठ फिरणे, यातून अपघात होतात. म्हणून गाडीवरून उतरताना इंजिन बंद करणे आणि सुरू करताना ब्रेक दाबून ठेवणे या दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्या लागतात. गिअरच्या गाडीची सवय असलेला चालक स्कूटरवर बसल्यावर क्लच समजून डावा ब्रेक एकदम दाबण्याची शक्यता असते. त्याने प्रथम मोकळ्या मैदानात सराव करणे इष्ट होय.

मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार दुचाकीच्या मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण, पाय ठेवण्याची जागा आणि धरण्यासाठी मूठ असणे बंधनकारक आहे. साडीचा पदर आणि ओढणी बसण्यापूर्वी आवरून घेणे मात्र प्रवाशाच्याच हाती असते.

## परवाना आणि कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार दुचाकीच्या परवान्याचे ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ आणि ‘गिअर असलेली मोटारसायकल’ असे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाच्या परवान्यावर गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही.

दुचाकी चालवण्याचे किमान वय १८ वर्षे आहे. ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीसाठी पालकांच्या संमतीने ते १६ वर्षे आहे. या तरतुदीचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. ‘गिअर नाही म्हणजे सोळाव्या वर्षी चालते’ असा समज प्रचलित आहे, परंतु सवलत गिअर नसण्याशी जोडलेली नसून इंजिनाच्या क्षमतेशी जोडलेली आहे. ११० किंवा १२५ सीसीची स्कूटर त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहे. शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालयात स्कूटरने जाणारा अल्पवयीन विद्यार्थी त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालक असतो. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १९९-अ नुसार अशा प्रसंगी पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. चालकामागे एकाच व्यक्तीस बसण्याची परवानगी आहे. चार वर्षांखालील बालकास नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा वापरावा आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपर्यंतच्या हलक्या विद्युत दुचाकी विहित अटी पूर्ण करीत असल्यास मोटार वाहन मानल्या जात नाहीत. याहून वेगवान विद्युत स्कूटरसाठी नोंदणी, विमा आणि परवाना आवश्यक असतो.

## देखभाल

सीव्हीटी स्कूटरमध्ये साखळी नसते, त्यामुळे साखळी ताणणे व तेल घालणे ही कामे वाचतात. त्याऐवजी पट्टा, रोलर आणि क्लच यांकडे लक्ष द्यावे लागते. पट्टा साधारणतः २० ते २५ हजार किलोमीटरनंतर बदलण्यास सांगितले जाते. नेमके अंतर त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. चढ, धूळ आणि जास्त भार असलेल्या भागात त्याची तपासणी लवकर करावी. पट्टा तुटल्यास इंजिन सुरू राहते, पण चाक फिरत नाही आणि रस्त्यात दुरुस्ती शक्य नसते.

निघताना गाडी थरथरणे हे क्लचच्या झिजेचे, तर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे हे पट्टा किंवा रोलर झिजल्याचे लक्षण असते. मागील चाकाजवळील गिअर पेटीचे तेल इंजिन तेलापेक्षा वेगळे असून ते बदलण्याचे बहुधा विसरले जाते. जुनी स्कूटर विकत घेताना ती मोकळी न चालवता मागे एक माणूस बसवून चढावर चालवून पाहावी. सपाट रस्त्यावर न जाणवणारा यंत्रणेचा दोष चढावर लगेच कळतो. पट्टा शेवटचा कधी बदलला, हे सेवा पुस्तिकेतून तपासावे. त्याची नोंद नसेल, तर नव्या पट्ट्याचा खर्च किमतीत धरूनच व्यवहार करावा.